जुन्या घराची निगा – लेखांक ७ : कौलांखालची फळी

घाटमाथ्यावर मुक्काम टाकणारा पाऊस वडगाव, तळेगाव ओलांडून सोमाटण्यास पोहोचेपर्यंत पुष्कळसा ओसरलेला असतो हे खरे. तथापि मावळातील ज्या जुन्या घरांत वाशांवर सागवानी फळ्या, फळ्यांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौले अशी रचना आहे, त्या घरांचे मालक फळी कुजलेली दिसताच ‘लाकडाचे वय झाले’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. हा निवाडा मला मान्य नाही. भाजे येथील चैत्यगृहाच्या छतास बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या असून, सोमाटण्याहून कितीतरी अधिक पाऊस पडणाऱ्या त्या मुलखात त्या आजही शाबूत आहेत. कारण माथ्यावरील कातळ पाणी अडवितो आणि दर्शनी कमानीतून वारा खेळतो. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला, तर कुजविणारी बुरशी वाढतच नाही.

म्हणून दुरुस्तीपूर्वी पाण्याचा माग काढावा. डाग जेथे दिसतो तेथेच गळती असते असे नाही; फुटक्या कौलातून किंवा भिंत व छप्पर यांच्या सांध्यातून शिरलेले पाणी फळीच्या पाठीवरून उतरत दूर जाऊन ठिबकते. डागापासून आढ्याच्या दिशेने टोचा टोचीत जावे. तो सहज आत शिरला तर फळी गेली असे समजावे, आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्यावी. फळीखालचा वासाही याच वेळी तपासावा. तो खचला असेल तर नव्या फळीचा खर्च व्यर्थ होय.

अक्षय्य तृतीयेनंतर मृगापूर्वी काम उरकण्याची तजवीज करावी. कौले आढ्याकडून उतरवावी, चढविताना मात्र वळचणीकडून आरंभ करावा. कुजका भाग नेमका तेवढाच कापू नये. दोन्ही बाजूंच्या निकोप वाशांच्या मध्यापर्यंत फळी कापावी, म्हणजे नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना आधार मिळतो. तुकडा मुरलेल्या लाकडाचा व जुन्याच जाडीचा असावा, आणि कापलेल्या टोकांना वाळवीनाशक पाजावे.

कुजक्या फळ्यांवरच पत्रा ठोकून मोकळे होण्याचा जो प्रघात पडला आहे, तो पाहून मला खरोखर क्लेश होतात. पत्र्याच्या पोटाशी रात्री दव धरते, आत कोंडलेली ओल निघत नाही, आणि दोष दृष्टीआड होऊन वाढत राहतो. वाऱ्याच्या झोतात कौलांच्या सांध्यांतून थोडे पाणी आत येणारच. ते निथळावे व वारा फिरावा यासाठी रिपांच्या खाली, वाशांच्या रेषेत, उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या माराव्या; आडव्या रिपा थेट फळीवर बसविल्या तर प्रत्येक रिपेमागे पाणी तुंबते.

वळचणीची शेवटची फळी बहुधा सर्वांत आधी जाते. तिच्या कडेवर जस्ताच्या पत्र्याची पट्टी बाहेर काढून बसवावी, म्हणजे पागोळी लाकडास न शिवता खाली पडते. पन्हळींचा विचार पुढील लेखांकी करू.