आळशी ठरवलेले अस्वल

गावात दरवेशी आला की त्याच्यामागे पोरांची रांग लागायची, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नाकात दोरी ओवलेले काळेकुट्ट अस्वल तो डमरूच्या तालावर नाचवी. खेळ संपला की अस्वलाचा केस घातलेला ताईत विकी. मूल दचकू नये, नजर लागू नये म्हणून गरीब आया पदराची गाठ सोडीत. त्या केसाने कोणाचेच भले झाले नाही. आणि अस्वल तरी कुठे नाचत होते? दोरीला हिसका बसला की वेदनेने ते पाय उचलीत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण मिळाले आणि पुढे हा खेळ बंद पडला.

अस्वलावर आणखी एक अन्याय झाला, तो नावाचा. दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लोंबकळणारा ‘स्लॉथ’ नावाचा अतिशय मंद प्राणी आहे. आपल्या अस्वलाची लांब नखे आणि वरच्या जबड्यात समोर नसलेले दोन दात पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ साली त्याला त्याच जातीत बसवले. चूक लवकरच लक्षात आली, पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे ‘आळशी अस्वल’, हे नाव कायमचे चिकटले.

प्रत्यक्षात हे अस्वल मोठे कष्टाळू. केदारखेड्याहून भोकरदनमार्गे पुढे गेले की बुलडाणा जिल्हा लागतो. तिथले ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. दिवसा कपारीत किंवा झुडपात विश्रांती घ्यायची आणि सांज झाली की पोटामागे निघायचे, हा त्यांचा दिनक्रम. वाळवी हे मुख्य अन्न. तीन-चार इंचांच्या नखांनी कठीण वारूळ फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. समोरचे दात नसण्याचा फायदा इथे होतो! हा आवाज शंभर मीटरवरही ऐकू येतो. शिवाय मध, मोहफुले, जांभळे, बोरे, बहाव्याच्या शेंगा त्याला आवडतात. विष्ठेतून बिया पसरतात आणि जंगल वाढते.

मादी हिवाळ्यात गुहेत बहुधा दोन पिल्ले देते. दोन-तीन महिन्यांनी ती बाहेर पडते तेव्हा पिल्ले पाठीवरच्या दाट केसांना धरून बसलेली असतात. पाठीवर लेकरू बांधून कामाला जाणारी आईच जणू!

मात्र भगिनींनो, बांधवांनो, अस्वलाशी सलगी नको. त्याचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. माणूस अचानक जवळ आला की ते भेदरते आणि अंगावर येते. म्हणून मोहफुले, सरपण किंवा गुरांसाठी रानात जाताना एकट्याने जाऊ नये. पहाटे व संध्याकाळी दाट झुडपात शिरू नये. मोठ्याने बोलत चालावे. पिल्ले दिसली तर आल्या वाटेने परतावे. कोणी जखमी झालेच तर आधी दवाखाना गाठावा आणि वनखात्याला ताबडतोब कळवावे. सरकारी भरपाई मिळते, तो आपला हक्क आहे.

ताईत नव्हे, ही माहितीच मुलांच्या गळ्यात घाला. ती त्यांचे रक्षण करील आणि अस्वलाचेही.