संगणकविद्येचा उंबरठा

आमच्या बेटेगांवासारख्या, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांलगतच्या गांवांतहि आतां मुलें घरबसल्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकूं लागलीं आहेत. गोष्ट अभिनंदनीय खरी. परंतु विद्येस आरंभ होण्यापूर्वीं तिचीं साधनें संगणकांत बसवावीं लागतात, आणि पुष्कळांचा उत्साह तेथेंच मावळतो. मुळाक्षरें गिरविण्यापूर्वीं मुलास पाटीच घडवावयास लावावी, तशांतला हा प्रकार होय.

'पायथॉन' ही भाषा घ्या. पुष्कळ वर्षें चालत आलेल्या तिच्या इन्स्टॉलरमध्यें पहिल्याच चौकटीच्या तळाशीं एक लहानसें घर असतें. त्यांत खूण केली तरच संगणकास तिचा पत्ता कळावयाचा. आणि तें घर मुळांत रिकामें! नवशिक्या सर्व कांहीं यथासांग पार पाडतो, आणि संगणक म्हणतो, या नांवाची आज्ञा आम्हांस ठाऊक नाहीं.

माझ्या नातवाचा प्रसंग याहून चमत्कारिक आहे. सूनबाईंनीं घरच्या संगणकावर त्याचें नांव हौसेनें देवनागरींत घातलें होतें. दिवाळीच्या सुटींत तो मोबाईलचे प्रोग्रॅम तयार करण्याचें एक साधन बसवूं लागला. दोन तास व कित्येक जीबी खर्चीं पडल्यावर इंग्रजींत उत्तर आलें कीं, मार्गांत अग्राह्य अक्षरें आहेत. कोणता मार्ग? कोणतीं अक्षरें? शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हवीत, असें आपलें शास्त्र सांगतें. येथें आकांक्षा पुरविणारें पदच नव्हतें. "आजोबा, मला नाहीं जमणार हें," असें म्हणून मुलगा उठून गेला. गणितांत पहिला येणाऱ्या मुलाच्या तोंडचें तें वाक्य मला फार लागलें.

मूळ कारण असें. खातें उघडतांना घातलेल्या नांवाचेंच फोल्डर विंडोज निर्माण करतें. पुढें खात्याचें नांव बदललें तरी फोल्डरचें बदलत नाहीं. जुन्या धाटणीचे प्रोग्रॅम अक्षरें ओळखण्यास भाषावार कोष्टकें वापरतात. रशियन, ग्रीक, जपानी यांस विंडोजमध्यें तशीं कोष्टकें मिळालीं. देवनागरीस मात्र मिळालें नाहीं; तिची रवानगी थेट युनिकोडकडे झाली. सबब युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमास मराठी नांव म्हणजे नुसतीं प्रश्नचिन्हें! युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती. म्हणजे सुधारणेस तीस वर्षांहून अधिक अवधि मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात दर्जा दिला, ही वार्ताहि या मंडळींपर्यंत पोंचलेली दिसत नाहीं.

माझ्या मतें दोष बुद्धीचा नसून सौजन्याचा आहे. कर्त्याच्या स्वतःच्या यंत्रावर चाललें कीं काम संपलें! पाणिनीनें बहुतेक संज्ञा व परिभाषा पहिल्या अध्यायांतच सांगून टाकल्या; येथें अट कळते ती आपटल्यावर.

तूर्त गृहस्थांनीं एवढें करावें: नव्या संगणकावर खातें उघडतांना नांव रोमन लिपींत, आंखूड व मध्यें जागा न सोडतां घालावें. फोल्डर तयार झालें कीं मग खुशाल देवनागरी नांव द्यावें. जुन्या संगणकावर असेंच दुसरें खातें काढावें. आम्हीं तेंच केलें, आणि दुसरे दिवशीं जेवणापूर्वीं काम झालें. नातवाचें नांव पडद्यावर आतां देवनागरींतच झळकतें. आंतील फोल्डर तेवढें रोमन राहिलें आहे, आणि सूनबाईंस तें अजून खपत नाहीं.