जिताड्यासाठी दोरी कशी निवडावी?

आमच्या गावाजवळ खाडी आहे. रविवारी मी आजोबांबरोबर काठावरून गरवायला जातो. खाडीत जिताडा मिळतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या गळाला मोठा जिताडा लागला. ओढता ओढता दोरी तटकन तुटली. मला रडूच आलं. आजोबांनी दोरीचे टोक बघितले. ब्लेडने कापल्यासारखे होते. ते म्हणाले, "बाळा, जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाला धार असते. खडकावरच्या कालवांनीपण दोरी कापते."

म्हणून तंगुसाच्या दोन दोऱ्या घ्याव्यात. लांब दोरी बारीक, १० किलोची. म्हणजे १० लीटर पाणी जेवढे जड, तेवढा ताण ती सोसते. बारीक दोरी लांब फेकता येते. गळाजवळ मात्र दोन हात जाड दोरी जोडावी, २० किलोची. किती किलोची ते रिळावर लिहिलेले असते. गाठ ओली करून आवळावी. कोरडी आवळली तर दोरी घासून तापते आणि तिथेच तुटते.

आता मी आधी दोरीवरून बोट फिरवतो. खरखरीत लागली की तेवढी कापून टाकतो. कापलेला तुकडा खिशात ठेवतो. काठावर टाकला तर बगळ्यांच्या पायात अडकतो. तुम्हीपण टाकू नका.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी