आधी करून पाहणार कोण?

जत तालुक्यातील बौद्ध वस्त्यांमधून आम्ही काही कार्यकर्ते एकच प्रश्न विचारीत फिरत आहोत. जयभीम होतो, चहा होतो, आमचा कागद वाचून होतो. सगळे म्हणतात, "चांगलं आहे, करायलाच पाहिजे." मग आम्ही विचारतो, "आधी कोण करतो?" आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

कागदात गुपित काही नाही. घरामागे दोन गुंठे असोत की वतनाच्या वाटणीतून आलेले दहा गुंठे असोत, न्हाणीचे व भांड्यांचे पाणी वाया न घालविता, पालापाचोळा कुजवून, घरापुरता भाजीपाला, शेवगा, हादगा, पपई कशी काढावी एवढेच त्यात आहे. झाडाच्या मुळाशी मातीचे मडके पुरून ते दर तीन-चार दिवसांनी भरायचे, म्हणजे थोडक्या पाण्यात रोप तगते. तळाशी लिहिले आहे : कुणीही झेरॉक्स काढावी, कुणीही बदल करावा, मात्र काय बदलले व काय झाले ते आम्हाला कळवावे. (सीमेकडच्या गावांत हा कागद कन्नडमध्ये हवा होता. ते आमच्या लक्षात उशिरा आले.)

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' नावाची चळवळ उभी केली. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे व २०१३ साली पुण्यात ज्यांची हत्या झाली, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे ते थोरले बंधू. शेतकऱ्याने कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये, स्वतःच्या तुकड्यात प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि जे आढळले ते दुसऱ्यांना मोकळेपणाने सांगावे, हे त्यांचे सूत्र. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत आपली गरज भागवू शकते, असा हिशेब ते मांडीत. पानावर पडणारे ऊन आणि जमिनीतली पांढरी मुळी, या दोन गोष्टींकडे ते शेतकऱ्याचे लक्ष वेधीत. २००१ साली ते गेले.

आपल्याच जिल्ह्यात तासगावला याचे फळ दिसले. तिथले द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या बागेत जाऊन शिकले. वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत थॉमसन सीडलेसचा एक वेगळा, सरस वेल सापडला. त्यातून 'तास-ए-गणेश' ही जात निघाली व काडी-काडीने महाराष्ट्रभर पसरली. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांची 'सोनाका' अशीच शेतकऱ्याच्या बागेत निघाली. प्रयोगशाळेची वाट कुणी पाहिली नाही.

आता आमचे म्हणणे ऐका. विद्या मोकळी होती, पण ती घ्यायला विहीर लागत होती, तारा-खांबांना भांडवल लागत होते, बँकेत पत लागत होती. आपल्या आयाबहिणी त्याच बागांत एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला, घडांच्या विरळणीला, जी.ए.च्या द्रावणात घड बुडवायला रोजंदारीवर गेल्या. कोणत्या डोळ्यावर काडी कापायची हे त्यांच्या हातांना पाठ आहे. त्यांना कुणी बागायतदार म्हटले नाही, प्रयोगशील तर नाहीच. दाभोलकर सरांचा हा दोष नव्हे. ज्याच्याजवळ आधीच काही आहे, त्याच्याच दारात मोकळी विद्यासुद्धा आधी पोचते. आमची सारी खटपट हा क्रम उलटा करण्याची आहे.

तसे करता येते याचा दाखलाही जिल्ह्यातच आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कामगार दुष्काळी खानापूर तालुक्यात परतले. त्यांना घेऊन मुक्ती संघर्ष चळवळ व डॉ. भारत पाटणकर यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. त्यातली थोडी वाळू आम्हीच विकू व त्या पैशावर धरण बांधू, असे बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ठरविले आणि त्यासाठी सरकारशी झगडा केला. बाहेरच्या सहानुभूतीदारांनी बिनव्याजी रकमा दिल्या, गावाने श्रम दिले. त्याचे नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण. महात्मा फुल्यांचा बळीराजा! आणि नियम केला की पाण्यात प्रत्येक घराचा वाटा सारखा राहील, भूमिहीनाचासुद्धा. आम्हाला त्या धरणाच्या भिंतीपेक्षा हा नियम मोठा वाटतो.

जतला आम्ही सुरुवात केली तेव्हा मोठी चूक झाली. आधी आम्ही नोकरदार बांधवांकडे गेलो. त्यांनी पाठ थोपटली, वर्गणी दिली, पण परसात फरशी घातलेली, रोप लावायचे कुठे? मग श्रावणात वस्तीवर बैठक घेतली. अकरा कुटुंबांनी नावे दिली, मडकी पुरली, रोपे लावली. आम्ही खूश. दिवाळी झाली आणि अकरांपैकी आठ घरांना कुलूप लागले. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, पोरे सोबत गेली. पाडव्याच्या सुमारास परतली तेव्हा परसात वाळलेल्या काटक्या आणि कोरडी मडकी. एक भगिनी आम्हाला म्हणाली, "दादा, तुमचा कागद बरोबर आहे, पण तो घरी राहणाऱ्या माणसासाठी लिहिलाय." आम्ही खाली मान घातली. उचल कधी घेतली जाते, हे वस्तीतल्या पोरालाही ठाऊक असते. ते आमच्या नियोजनात नव्हते.

तेव्हापासून आम्ही माणसे वेगळ्या रीतीने शोधतो. जी वर्षभर गावात राहतात ती आधी : म्हाताऱ्या आजी-आजोबा, अंगणवाडीच्या मदतनीस, एकट्या राहणाऱ्या भगिनी. तोडीला गेलेल्या घरची मडकी भरण्याचे काम शेजारच्या घराने घ्यायचे आणि भाजी अर्धी-अर्धी. नोकरदारांची वर्गणी आता सतरंज्या-खुर्च्यांवर जात नाही. पहिल्या वर्षी ज्याचे नुकसान होईल, त्याच्या रोपांचा, मडक्यांचा व बुडालेल्या रोजाचा खर्च त्यातून भरायचा. ज्याच्या घरात उद्याच्या पिठाची सोय नाही, त्याने फुकट प्रयोग करावा असे सांगणे आम्हाला अन्यायाचे वाटते. हिशेबाची वही विहारात टांगलेली असते, कुणीही उघडून बघावी.

तरुण मंडळी एक रास्त आक्षेप घेतात. "बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं आणि तुम्ही आम्हाला परसात शेवगा लावायला सांगता?" प्रश्न खरा आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला. केवळ जमिनीचा आकार पाहून चालणार नाही, तिच्यावर लागणारे भांडवल व श्रम पाहिले पाहिजेत; शेतीवर साचलेल्या जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दहा गुंठ्यांत मुक्ती आहे असे आम्ही कधीच म्हणत नाही. पोरांनी शिकावे, पुण्या-मुंबईला जावे, साहेब व्हावे. पण घरात भाजी असली, दोन पैसे सुटले, तर पुढच्या श्रावणात उचल थोडी कमी घेता येईल आणि निदान एक पोर तरी शाळेत राहील. आमचे गणित तेवढेच आहे. ते चुकलेही असेल, म्हणून तर करून पाहायचे.

आणि करून पाहणे आपल्याला परके नाही. परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. आम्ही आता बैठकीत भाषण कमी करतो आणि लोकांना एका आजींच्या परसात नेतो. नातवंडांसोबत राहणाऱ्या या आजींनी आमच्या कागदातली निम्मी कलमे मोडली. मडके मुळाजवळ न पुरता त्यांनी हातभर लांब पुरले, तोंडावर फुटकी परात ठेवली, आणि चुलीची राख आमच्या मापापेक्षा कमी घातली. त्यांचा शेवगा उन्हाळ्यात हिरवा राहिला. कागद आम्ही त्याप्रमाणे दुरुस्त केला. खाली आजींचे नाव घालू म्हटले तर म्हणाल्या, "नाव कशाला, फांद्या न्या."

त्या फांद्या मृगाच्या पहिल्या पावसानंतर तोडणार आहोत. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची, दोन-अडीच हात लांब फांदी एका घराला एक. ज्याने नेली त्याने पुढच्या वर्षी दोन घरांना द्यायची. येताना गोणपाट ओले करून आणावे. गेल्या वेळी एसटीत उन्हाने चार फांद्या सुकल्या.