रोपाआधी माती

शहरात झाडं लावण्याचा हिशेब आपण रोपांच्या आकड्यात मांडतो. मुळाशी आलेली माती कुठून खणली, काळ्या पिशवीचं पुढे काय झालं, हे त्यात धरलं जात नाही. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, लावायची आणि सात वर्षं सांभाळायची, असा त्यातला दंडक. हेतू चांगलाच आहे. पण करंज, ताम्हण एवढे वाढायला रोपवाटिकेत साधारण दोन-तीन वर्षं जातात, आणि मागणी मात्र पावसाळा तोंडावर आल्यावर येते. इतक्या घाईत माल देऊ शकतो तो आधीच साठा करून बसलेला व्यापारी. आंध्रातलं गोदावरीकाठचं कडियम हे या व्यापाराचं मोठं केंद्र. तिथून झाडं ट्रकने शेकडो किलोमीटर प्रवास करतात, आणि त्यांच्या मुळाशी बांधलेल्या गोळ्यातून तिथली मातीही. पिशवीत फार काळ अडकलेल्या रोपाची मुळं तर आतल्या आत गोल फिरत राहतात. लावताना ती मोकळी केली नाहीत तर पुढे एकमेकांनाच आवळतात.

दुरून माती आणणारं हेच शहर माघ-फाल्गुनात स्वतःचा पाचोळा जाळतं. बागेतला कचरा शक्यतो बागेतच जिरवावा, असं २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पानं नकोशी झालेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून दिली. त्याआधी श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटाने पाचोळ्यातून सुपीक माती घडवून दाखवलीच होती. पाचोळा कुजायला वेळ लागतो, हा आक्षेप खरा. त्यात कर्ब जास्त, नत्र कमी. शेण, ओलं गवत किंवा भाजीचे देठ मिसळून ढीग ओला ठेवला तर काही महिन्यांत खत तयार होतं. रोपाला दोन-तीन वर्षं वाढवायचंच असेल, तर हा वेळ अडचणीचा कसा? शहरी खतात काच-प्लास्टिक सापडतं, हेही खरं, आणि म्हणूनच बागेचा कचरा घरगुती कचऱ्यात मिसळूच नये. कोकोपीट हा काथ्याच्या धंद्यातला टाकाऊ भाग, मग मातीऐवजी तो वापरण्यात गैर काय, असं विचारलं जातं. गच्चीवर, जिथे वजन मोजावं लागतं, तिथे तो उपयोगीच आहे. पण त्यात पोषण जवळपास नसतं आणि क्षार धुवायला पाणी लागतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यासाठी तो दुरून आणण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हणून बदल निविदेत हवा. महापालिकेने जवळच्या रोपवाटिकांशी आणि बचत गटांशी तीन वर्षांचा करार करावा, देशी झाडांची यादी आधीच द्यावी, पाचोळ्याचं खत स्वतः पुरवावं. पिशव्यांऐवजी परत घेता येतील असे कडक ट्रे अनामत घेऊन द्यावेत. यात पैसा आधी गुंतेल, पण आज तो दोनदा जातोच आहे, पाचोळा उचलायला आणि माती विकत घ्यायला. रोपांच्या पैशांतला काही हिस्सा मात्र हातचा राखावा आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर, झाड जागेवर जिवंत दिसलं तरच द्यावा.