रूडॉल्फचं लाल नाक आणि डिकन्सचं बिल

सांताचा लाल नाकाचा रेनडिअर रूडॉल्फ जन्माला आला तो उत्तर ध्रुवावर नव्हे, शिकागोतल्या एका कंपनीच्या जाहिरात विभागात! 1939 साली माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीला नाताळात मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती. काम आलं रॉबर्ट मे या जाहिरात-लेखकाकडे. त्यांची बायको कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेली, डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आणि घरात चार वर्षांची लेक. जुलैत बायको गेली. काम दुसऱ्याला देतो, असं साहेबांनी सुचवलं. मे यांनी ते सोडलं नाही.

नायकासाठी रोलो, रेजिनाल्ड अशी नावं चाळून झाली आणि शेवटी रूडॉल्फवर शिक्का बसला. वरिष्ठांना धास्ती लाल नाकाची: लोकांना दारुडा आठवला तर? मे चित्रकार डेन्व्हर गिलेन यांना घेऊन थेट लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात गेले. गिलेन यांनी तिथली हरणं बघून असा काही गोड रूडॉल्फ काढला की विरोध मावळला. पहिल्याच नाताळात 24 लाख प्रती वाटल्या गेल्या! लिहिलं नोकरीत असताना, त्यामुळे हक्क कंपनीचे. पण 1947 मध्ये कंपनीनं ते मे यांच्या नावे करून दिले. मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात असं औदार्य क्वचितच सापडतं. दोन वर्षांनी मे यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी रचलेलं गाणं जीन ऑट्री यांनी गायलं आणि रूडॉल्फ घरोघरी पोचला.

पैशांची ओढाताण चार्ल्स डिकन्सनाही चुकली नाही. वडील कर्जापायी तुरुंगात गेले तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता. गरीब मुलांची ती कणव ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये पानोपानी जाणवते. साधारण सहा आठवड्यांत लिहिलेलं हे पुस्तक 19 डिसेंबर 1843 ला बाजारात आलं आणि 6,000 प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्यासुद्धा. मग डिकन्स मालामाल? छे! पुस्तक देखणंच हवं, असा त्यांचा हट्ट. सोनेरी कडा, हातानं रंगवलेली चित्रं, आणि किंमत मात्र पाच शिलिंग. हजार पौंडांची आशा होती, पहिल्या हिशेबात हाती आले 230. त्यात काहींनी चोरून आवृत्ती काढली. डिकन्स खटला जिंकले, पण चोरांनी दिवाळं काढलं आणि सुमारे 700 पौंडांचा कोर्टखर्च डिकन्स यांच्याच गळ्यात पडला.

एक गंमत अजून. गोष्टीतला आजारी मुलगा, छोटा टिम, जगला हे स्पष्ट सांगणारे शब्द मूळ हस्तलिखितात नाहीत. ते छपाईच्या वेळी घातले गेले. फार बरं झालं. नाहीतर पुस्तक मिटल्यावर किती मुलांना झोप लागली नसती!

हान्स अँडरसन यांनी मात्र असा दिलासा दिला नाही. प्रकाशकानं चित्रं पाठवून त्यांतल्या एकावर गोष्ट मागितली आणि त्यांनी काड्या विकणाऱ्या मुलीचं चित्र निवडलं. त्यांच्या आईलाही तिच्या लहानपणी भीक मागायला पाठवलं जाई. 1845 मधली ती गोष्ट आजही डोळ्यांत पाणी आणते.

जर्मन लेखक हॉफमन यांनी 1816 मध्ये नटक्रॅकरची गोष्ट लिहिली तेव्हा त्यातल्या भावंडांना, मारी आणि फ्रिट्झला, मित्राच्या मुलांची नावं दिली. बॅलेत बऱ्याचदा नायिका होते ती क्लारा, पण मूळ गोष्टीत क्लारा हे मारीच्या बाहुलीचं नाव!

आणि नाताळ चोरणारा हिरवागार ग्रिंच? डॉ. स्यूस यांच्या 1957 च्या पुस्तकात तो हिरवा नाहीच. तिथे काळा-पांढरा आणि लाल-गुलाबी, एवढेच रंग. हिरवा रंग चढला 1966 च्या टीव्ही-चित्रपटात. रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’चंही तसंच. 1978 च्या त्या निःशब्द पुस्तकात सांता कुठेच नाही, तो आला 1982 च्या फिल्ममध्ये.

टॉल्कीन तर दरवर्षी सांता बनून स्वतःच्या मुलांना पत्रं लिहीत. अक्षर थरथरतं, कारण उत्तर ध्रुवावर थंडी! पाकिटावरचं तिकीटही हातानं काढलेलं. 1920 ते 1943 हा उद्योग चालला. पत्रांचं पुस्तक निघालं 1976 मध्ये, ते गेल्यानंतर.

‘द पोलर एक्सप्रेस’ हाताशी असेल तर मुलांना एक काम द्या. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग आपल्या पुस्तकांत फ्रिट्झ नावाचा पांढरा बुल टेरिअर लपवतात. इथेही तो आहे. पलंगाच्या खांबाकडे नीट बघायला सांगा!