माहितीची शिदोरी मोबाइलवर

दिवाळी सरली की अंबड तालुक्यातील कोरडवाहू गावांत अनेक घरांना कुलपे लागतात. याच तालुक्यात अंकुशनगरला साखर कारखान्याचे गाळप सुरू होते आणि याच दिवसांत येथील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन परमुलखाची वाट धरतात. मुलांची शाळा, अंगणवाडीतला आहार, रेशनचे धान्य हे सारे मात्र गावातच राहते, अशी त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. हक्क कुटुंबाबरोबर जातात; माहिती तेवढी मागे राहते. ती पोहोचवण्याचे सोपे साधन आज व्हॉट्सअ‍ॅपच्या रूपाने हाताशी आहे.

कोरोनाकाळात याचा अनुभव राज्याने घेतला. २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम राबवला. शिक्षकांच्या गटांतून अभ्यास रोज पालकांच्या मोबाइलवर जाऊ लागला. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथे मात्र तो पोहोचला नाही. साधनाचे बळ आणि मर्यादा दोन्ही तेव्हाच दिसून आल्या.

काय कळवावे?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे पात्र शिधापत्रिकाधारकाला आधारची खातरजमा करून दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. अंगणवाडीतील नोंद पोषण ट्रॅकरवर असल्यास नव्या ठिकाणी ती पुढे चालवता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातील मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक तर प्रत्येक पालाच्या झोपडीत ठाऊक असायला हवेत.

कसे कळवावे?

गट शाळेचा असो वा अंगणवाडीचा, एका संदेशात एकच विषय असावा. कोणासाठी, कोणती कागदपत्रे, कोठे जायचे आणि शेवटची तारीख कोणती, एवढे चार ओळींत सांगावे. सरकारी परिपत्रकाचे छायाचित्र जसेच्या तसे पुढे ढकलल्याने कोणालाच काही उमगत नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तोच मजकूर बाईंच्या किंवा सेविकाताईंच्या ओळखीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवावा. फोन बहुधा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो आणि क्रमांकही बदलत राहतात. म्हणून गाव सोडण्यापूर्वी आईचा किंवा टोळीतील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचा क्रमांक टिपून ठेवावा. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी गृहभेट आणि फळ्यावरची सूचना यांना पर्याय नाही.

जपावे काय?

आधार कार्ड, बँक खाते, मुलांची छायाचित्रे गटावर मागू अथवा टाकू नयेत. योजनेच्या नावाने ओटीपी मागणाऱ्यांना तो देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० वर त्वरित तक्रार करावी.

अफवांचा धोका याहून मोठा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, पोटासाठी गावोगाव भटकणारी ती माणसे होती. अशा अफवा मोबाइलवरूनच पसरल्या होत्या. म्हणून कोणताही संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तो तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक किंवा पोलीस ठाण्याकडून पडताळून घेणे हे गट चालवणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

ऊसतोडीला निघालेली माय भाकरीची शिदोरी बांधून घेते. तिच्यासोबत विश्वासार्ह माहितीची शिदोरीही गेली, तर उसाच्या फडाशेजारच्या शाळेत तिच्या मुलाचे नाव लागेल आणि हंगाम संपवून परतताना त्याचे वर्ष वाया गेलेले नसेल.